घरच्या गॅरेजात गाडी आतून साफ करायला शॉप व्हॅक कोणता घ्यावा?

निळा_पाना

मंडळी, जरा मार्गदर्शन हवं आहे.

गाडी बाहेरून चकाचक करण्यापर्यंत मजल गेली आहे. अडलंय ते आतल्या बाजूला. सध्या घरातलाच व्हॅक्यूम क्लीनर गॅरेजात नेतो. त्यावरून जी बोलणी खातो ती सोडा, पण फटीत घालायचं चपटं नोझल लावलं की मोटरचा आवाज चढतो, थोड्या वेळाने गरम वास येतो आणि मशीन आपोआप बंद पडतं. सीटच्या रुळातली वाळू जिथल्या तिथे.

म्हणून ओलं-सुकं दोन्ही ओढणारा शॉप व्हॅक घ्यायचं ठरवलंय. पण खोक्यांवरचे आकडे वाचून डोकं गरगरतंय. एकावर ५ हॉर्सपॉवर, दुसऱ्यावर १४०० वॉट, तिसऱ्यावर नुसते किलोपास्कल. डबा १० लिटरपासून ६० लिटरपर्यंत. नळी कुणाची अंगठ्याएवढी, कुणाची मनगटाएवढी.

कामाचं स्वरूप: दोन गाड्या, मागच्या सीटवर कुत्रा, पायाशी पोरांनी आणलेली वाळू, आणि काहीतरी सांडणं हे ठरलेलंच. गॅरेज लहान, भिंतीवर प्लग एकच. नेमकं काय बघून घ्यावं?

कार्बन_ब्रश

आधी त्या गरम वासाचं बघू, निम्मं उत्तर त्यातच आहे.

घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा कचरा ओढून आणणारी हवाच फिल्टरमधून पुढे जाऊन मोटरवरून वाहते आणि तिला गार ठेवते. चपटं नोझल लावलं किंवा फिल्टर तुंबला की हवा कमी, मोटर गरम. मग थर्मल कटआउट मशीन बंद करतो, आणि करतो हे बरंच आहे. ओल्या-सुक्या शॉप व्हॅकमध्ये मोटर गार करणारी हवा वेगळ्या जाळीतून आत येते आणि वेगळ्याच वाटेने बाहेर जाते. याला बायपास मोटर म्हणतात. पाणी ओढायचं तर ही सोय लागतेच, नाहीतर सगळी ओली हवा थेट वाइंडिंगवर, म्हणजे मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीवर जाईल. गाडीत पाऊण वेळ फटीचंच नोझल हातात असतं, म्हणून तुमच्या कामाला ही पहिली अट.

आणि हो, आवाज चढला म्हणजे मोटरवर ताण आला, हा समज उलटा आहे. पंख्याला ढकलायला हवा उरली नाही की त्याच्यावरचा भार उतरतो, म्हणून तो जास्त जोरात फिरतो. वीज मोजायचं मीटर लावून नळीच्या तोंडावर तळहात ठेवून बघा, वॉट खाली आलेले दिसतील. मोटर तापते ती गार करणारी हवा तुटल्यामुळे.

काडीबहाद्दर

५ हॉर्सपॉवर? पाच घोडे त्या लहान गॅरेजात मावतील का ते आधी मोजा :)

गणिती_काका

घोड्यांचा विषय निघालाच आहे तर हिशेब करून टाकतो. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. म्हणजे ५ हॉर्सपॉवरला ३७३० वॉट. ज्या देशांत १२० व्होल्टचा, १५ अँपियरचा प्लग असतो तिथे त्या प्लगमधून जास्तीत जास्त १८०० वॉट निघतात, म्हणजे जेमतेम २.४ हॉर्सपॉवर. २३० व्होल्टवर १३ अँपियर धरले तरी ३००० वॉटच्या आसपास, म्हणजे ४. मग खोक्यावरचे ५ आणि ६ आले कुठून? तो असतो ‘पीक’ आकडा. प्रयोगशाळेत मोटर क्षणभर किती झटका देऊ शकेल त्याचा. रोजच्या वापरात मशीन तिथे कधीच पोचत नाही. खोक्यावर हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात आणि वॉट-अँपियर बारीक अक्षरात असतील तर बारीक अक्षरंच वाचायची.

वॉटसुद्धा मशीन वीज किती खातं एवढंच सांगतात. ओढ किती हे कळायला दोन आकडे लागतात: हवेचा प्रवाह (लिटर प्रति सेकंद किंवा घनफूट प्रति मिनिट) आणि दाबातला फरक (किलोपास्कल, मिलिबार किंवा पाण्याचे इंच). पाण्याचा १ इंच म्हणजे साधारण २५० पास्कल. बऱ्याच चांगल्या शॉप व्हॅकना २० किलोपास्कलच्या आगेमागे आकडा असतो, म्हणजे पाण्याचे ८० इंच. खोक्यांची तुलना करताना सगळं एकाच एककात आणा, अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

यात एक मेख आहे. प्रवाहाचा आकडा मोजतात तेव्हा तोंड सताड उघडं असतं, दाब जवळपास शून्य. दाबाचा आकडा मोजतात तेव्हा तोंड पूर्ण बंद, प्रवाह शून्य. दोन्ही कमाल आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. तुमचं काम चालतं या दोहोंच्या मधे कुठेतरी. म्हणून एक आकडा भरमसाट आणि दुसरा लपवलेला असं मशीन मी बाजूला ठेवतो.

फटफटी

काकांशी सहमत, पण गाडीपुरतं बोलायचं तर मी आकड्यांच्याही आधी नळी बघते.

मोठ्या शॉप व्हॅकला ६३ मिमीची, म्हणजे अडीच इंची नळी येते. लाकडाचा भुसा, ढलप्या, पालापाचोळा यांना ती उत्तम. गाडीत ती घेऊन वावरणं म्हणजे सीटखाली अजगर सरकवणं आहे. वळत नाही, दाराच्या प्लास्टिकवर ओरखडे पाडते, आणि शेवटी ती चपट्या नोझलला जोडायला दोन-दोन अडॅप्टर लागतात. गाडीला ३२ ते ३८ मिमी बरी. ३२ आणि ६३ मिमीच्या नळ्यांच्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळपास एकाला चार आहे, त्यामुळे तेवढीच हवा बारीक नळीतून चौपट वेगाने जाते. वाळूचा कण उचलायला तो वेगच लागतो.

दुकानात गेलात तर नळी हातात घेऊन वाकवा. मऊ आहे का, पीळ सोडते का, टोकाशी फिरता सांधा आहे का? फिरता सांधा नसेल तर अर्ध्या तासात नळीला असे वेढे पडतात की मशीन तुमच्या मागे न येता आडवं होतं. हे कुठल्याही खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आडवळण

मग सगळीकडेच बारीक नळी वापरावी ना? भिंतीवर व्हॅक टांगायचा आणि १० मीटर बारीक नळी सोडायची. मशीन मागे ओढत फिरायलाच नको.

गणिती_काका

तिथेच घोळ होतो. प्रवाह तोच ठेवून नळीचा व्यास निम्मा केला की घर्षणाने होणारा दाबाचा तोटा ढोबळमानाने ३२ पट होतो, आणि तो लांबीच्या प्रमाणात वाढत जातो. प्रत्यक्षात ३२ पट तोटा होत नाही, कारण तेवढा दाब मशीनकडे नसतोच. मग होतं काय, तर प्रवाह बसतो. दोन-तीन मीटर बारीक नळी खपून जाते. १० मीटर केलीत की नोझलपाशी नुसती फुंकर राहते.

लांब पल्ला हवाच असेल तर भिंतीपासून गाडीपर्यंत जाड नळी न्या, आणि हातात धरायचे शेवटचे दोन मीटर बारीक ठेवा.

आडवळण

माझ्याकडे भिंतीवरचंच आहे आणि मी खूश आहे, हे नोंदवून ठेवतो. जमिनीवर काही नाही, डबा पायात येत नाही, चालू-बंदचं बटण नळीच्या मुठीवर. लहान गॅरेजात ही चैन मोठी आहे. वाळूला दोन हात जास्त मारावे लागतात, मान्य.

कार्बन_ब्रश

भिंतीवरचं घेताना डबा रिकामा करायला खाली काढता येतो का आणि तो ओलं ओढतो का, हे दोन्ही विचारा. काही मॉडेल नुसती कोरडी असतात, आणि नळीची गुंडाळी टांगायचा आकडा कुठे येणार याचा विचार लोक भोकं पाडून झाल्यावर करतात.

ओलीसुकी

आता सांडलवंडीबद्दल, कारण खरी मजा तिथे आहे.

ओलं ओढण्याआधी कागदी घड्यांचा फिल्टर काढायचा आणि स्पंजाची टोपी चढवायची. कागद भिजला की हवा अडते, वाळल्यावर तो वेडावाकडा होतो आणि कडेची सील बसत नाही. आत एक तरंगता गोळा किंवा पिंजऱ्यातली झडप असते, पाणी वर आलं की ती हवेची वाट बंद करते. मशीन एकदम किंचाळायला लागलं की समजायचं, डबा भरला. त्यामुळे ‘२० लिटर’ लिहिलेल्या डब्यात २० लिटर पाणी मावत नाही, बरंच आधी थांबावं लागतं.

पण ही झडप फेसापुढे हतबल असते. फेसाला वजन नाही, तो गोळा उचलत नाही, तसाच वर चढून पंख्यात आणि प्रसंगी मोटरपर्यंत जातो. सीटला शाम्पू लावून ओढणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवायचं. बाहेर जाणाऱ्या हवेच्या तोंडातून फेसाचे ठिपके उडू लागले की ताबडतोब बंद. शाम्पू कमी घ्या, कमी फेसाचा घ्या, किंवा डब्यात आधीच थोडा फेसनाशक टाका.

आणि कार्पेट भिजवू नका हो. गाडीच्या कार्पेटखाली जाड फोमचा किंवा नमद्याचा थर असतो. तो पाणी पितो आणि दिवसेंदिवस सोडत नाही. वरून हात लावला तर कोरडं, खाली बुरशी. फवारा हलका, ब्रशने घासणं जास्त, आणि मग नोझल कापडावर दाबून सावकाश, एकाच दिशेने ओढत यायचं. पारदर्शक तोंडाचं एक नोझल वेगळं मिळतं, ते जरूर घ्या. त्यातून जाणारं पाणी दिसतं: आधी काळं, मग चहासारखं, मग नुसतं गढूळ. पाण्याचे थेंब दिसायचे थांबले तरी आणखी दोन-चार कोरडे हात मारा. घाईत ओढलं तर हवा नुसती कापडावरून सरकते, आतलं पाणी आतच.

निळा_पाना

ओलीसुकी, हे भारी आहे. म्हणजे तो फवारा मारणारा वेगळा एक्स्ट्रॅक्टर घ्यायची गरज नाही?

ओलीसुकी

दोन गाड्यांना नाही. एक्स्ट्रॅक्टर पाणी फवारतो आणि लगेच ओढतो, दोन्ही कामं एका हातात. रोज सीटा धुणाऱ्याला तो परवडतो. तुम्हाला फवाऱ्याची बाटली, ब्रश आणि शॉप व्हॅक पुरे.

फक्त सीटखाली पाणी नेताना जपा. तिथे वायरिंगचे जोड असतात. पिवळ्या रंगाचा जोड दिसला तर तो एअरबॅग किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या टेन्शनरचा समजायचा, त्याला हात लावायचा नाही, ओढायचा नाही, ओलाही करायचा नाही. नळी मागे घेताना त्यात अडकते, म्हणून सीटखाली नोझल बघून फिरवा, आंधळेपणाने नको.

श्वानप्रेमी_सुमी

कुत्र्याच्या केसांवर कोणीच बोललं नाही? व्हॅक कितीही दांडगा असो, ते केस कार्पेटच्या धाग्यांत विणल्यासारखे बसलेले असतात. नुसत्या हवेने येत नाहीत. आधी रबराचा ब्रश किंवा साधा रबरी हातमोजा, आखूड फटकाऱ्यांनी एकाच दिशेने. केसांच्या लोळ्या होतात, मग त्या ओढायला व्हॅक. कापड किंचित दमट असेल तर लोळ्या पटकन होतात. चिंब असेल तर सगळा चिखल. आणि आधी केस, मगच शाम्पू. उलटं केलंत तर ओल्या केसांचा नमदा नळीच्या वळणावर जाऊन बसतो.

फटफटी

वाळूचंही तसंच. मॅट बाहेर काढून उलटी आपटा. सीट पूर्ण पुढे सारा, मागचं करा, मग पूर्ण मागे सारून पुढचं. रुळातल्या वाळूला एका हातात ताठ केसांचा बारीक ब्रश आणि दुसऱ्यात नोझल, ब्रशने उडवायचं आणि तिथल्या तिथे ओढायचं. कार्पेटच्या मुळाशी बसलेली वाळू हवी असेल तर ब्रशच्या मुठीने शेजारी टकटक ठोकत जा आणि नोझल जवळ धरा. कण नाचत वर येतात. डोळ्यांनी दिसतं ते, बघत बसाल.

कॉम्प्रेसर असेल तर दाबाची हवाही चालते, पण चष्मा लावून, आणि व्हॅक शेजारी चालू ठेवून. नाहीतर पुढच्या सीटखालची वाळू मागच्या सीटवर नेऊन ठेवल्यासारखं होतं.

मुक्काम_पोस्ट_गॅरेज

गॅरेज बंदिस्त असेल तर व्हॅकची बाहेर येणारी हवा कुठे जाते ते बघा. मशीन दाराशी ठेवलं आणि तिचा झोत जमिनीवर आला, की तुम्ही गाडी साफ करताय आणि मशीन गॅरेजातली धूळ उडवून परत गाडीत टाकतंय. पुष्कळ शॉप व्हॅकना मागे फुंकण्याचं तोंड असतं, त्याला जास्तीची नळी लावून ती दाराबाहेर सोडा. आवाजही थोडा बाहेर जातो.

फिल्टरबद्दल: कागदी घडीच्या फिल्टरच्या आधी, डब्यात कापडी किंवा कागदी पिशवी बसत असेल तर ती वापराच. बारीक माती फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसली की ओढ हळूहळू मरते आणि माणूस मोटरला शिव्या देतो. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर. दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर घ्या, पण झाकणाची रबरी सील ढिली असेल तर धूळ फिल्टरला वळसा घालून बाहेर येणार. आधी सील, मग हेपा.

काडीबहाद्दर

बॅटरीवरचा घ्या की सरळ, वायरची कटकटच नको!

मुक्काम_पोस्ट_गॅरेज

काडी टाकलीत म्हणून सांगतो. दोन आठवड्यांतून एकदा वरवरची धूळ काढायला बॅटरीवालं झकास आहे. पूर्ण ताकदीवर चालवलं की लहान बॅटरी दहा-वीस मिनिटांत धापा टाकते, आणि वाळू-केस-पाणी हे तिन्ही एका बैठकीत करायचं तर दोन-तीन बॅटऱ्या आळीपाळीने लागतात. निळा_पाना यांच्या भिंतीवर प्लग आहे ना? मग वायरच बरी.

कार्बन_ब्रश

प्लग एकच आहे म्हणून दोन गोष्टी.

एक्स्टेंशनची वायर बारीक घेऊ नका. किमान १.५ चौरस मिमीची तांब्याची, लांब असेल तर २.५. रिळावरची असेल तर पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. ओलं काम करणार म्हणजे प्लगच्या मागे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि एक्स्टेंशनचा बोर्ड जमिनीवर नको, टांगून ठेवा.

दुसरी, आणि ही गॅरेजात फार महत्त्वाची: पेट्रोल, थिनर, ब्रेक क्लीनर यांपैकी काहीही शॉप व्हॅकने ओढायचं नाही. सांडलेलं नाही, फडक्यात टिपलेलं नाही, वाफा येत असतील तिथेही मशीन चालवायचं नाही. या मोटरमध्ये फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश असतात आणि मोटर फिरताना त्यांच्यापाशी ठिणग्या उडतात. जाळीतून वाकून बघा, निळसर दिसतील. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते, आणि व्हॅकही तिथेच असतो. गाडी आत घेऊन लगेच साफ करायला बसू नका, दार उघडं ठेवून थोडा वेळ जाऊ द्या.

फटफटी

कानांचं राहिलं. बंद गाडीत डोकं घालून फटीचं नोझल वापरलं की जी शिट्टी वाजते ती भयानक. ८५ डेसिबलला आठ तास हे सुरक्षित कामाचं प्रमाण धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९१ ला दोनच तास उरतात. इयरमफ घ्या.

निळा_पाना

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्यापुरतं असं ठरतंय: २० लिटरच्या आतबाहेरचा डबा, बायपास मोटर, ३५ मिमीची मऊ नळी आणि तिला फिरता सांधा, फुंकण्याचं तोंड, खाली पाणी सोडायचं बूच. भिंतीवरचा मोह आवरला, कारण डबा उचलून अंगणातही नेता यावा असं वाटतं.

दोन शंका. स्टीलचा डबा की प्लास्टिकचा? आणि माझ्याकडे आधीचं एक उत्तम फटीचं नोझल आहे, सव्वा इंची. ते ३५ मिमीच्या नळीला बसेल का?

मुक्काम_पोस्ट_गॅरेज

डबा कुठलाही. स्टीलला पोचे पडतात, प्लास्टिकला तडे जातात. झाकणाच्या क्लिपा आणि चाकं मजबूत आहेत का ते बघा, मोडतात त्या त्याच. ओलं काम झालं की डबा धुऊन, झाकण न लावता उपडा वाळू द्या, नळीही टांगून निथळू द्या. फिल्टर पूर्ण सुकल्याशिवाय परत चढवू नका.

गणिती_काका

सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिमी, त्यामुळे ३५ मध्ये ते सरळ बसणार नाही, हलेल. शिवाय माप आतलं की बाहेरचं हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने छापते. व्हर्नियरने नळीच्या तोंडाचा आतला व्यास आणि नोझलच्या मागच्या टोकाचा बाहेरचा व्यास मोजा. टोक निमुळतं असेल तर दोन ठिकाणी मोजा. पायऱ्या-पायऱ्यांचं रबरी अडॅप्टर मिळतं, ते कात्रीने हव्या त्या पायरीवर कापायचं. दोन्ही मापं इथे टाका, कुठे कापायचं ते सांगतो.

निळा_पाना

नळी यायची आहे अजून. नोझलचं माप: टोकाशी ३१.२, दीड इंच पुढे ३२.४.

गणिती_काका

मग नळी आल्यावरच कापा. तोवर अडॅप्टर अख्खं राहू दे.